विदा कोणाचा?

इंटरनेटवरील डोमेनच्या (संकेतस्थळांच्या नावांच्या) आणि ती घेणाऱ्यांच्या नोंदी नेटवर्क सोल्यूशन्स या नोंदणी कंपनीने जमवल्या म्हणून त्या तिच्या, असा युक्तिवाद केला जातो; तो मला मान्य नाही. तिला नोंदणीचे हे काम अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने १९९३ साली सोपवले आणि सप्टेंबर १९९५ पर्यंत अर्जदाराकडून शुल्कच घेतले जात नव्हते, म्हणजे तोवरच्या नोंदींचा खर्च करदात्यांनी उचलला.

नोंदणी कंपन्यांचा नोव्हेंबर १९९९ चा आयकॅनशी (डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेशी) झालेला करार मात्र या वादात कोणीच विचारात घेतलेला नाही. त्यात डोमेनचे नाव आणि नेमसर्व्हर (त्या नावामागचा पत्ता सांगणारे संगणक) यांवरील एकाधिकार नोंदणी कंपन्यांना सोडावा लागला, पण नोंदणीदारांच्या नाव-पत्त्यांवरील हक्क त्यांनी सोडले नाहीत. उलट ही माहिती वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत शुल्क घेऊन ठोक देण्याची तरतूद झाली, आणि जाहिरातबाजीसाठीच्या यादीतून स्वतःला वगळण्याची मुभा व्यक्तींना द्यावी की नाही, हे त्या त्या नोंदणी कंपनीच्याच मर्जीवर राहिले, हे मला सर्वाधिक अन्यायाचे वाटते.