नोर्ग्येलिंगच्या तिबेटी वस्तीतल्या आजी-आजोबांशी कसं बोलावं?

नवी_सीएचओ: अर्जुनी मोरगाव तालुक्यात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. गोठणगावजवळच्या तिबेटी वस्तीत साठीपुढच्या लोकांची बीपी-शुगर तपासायची आहे. वय विचारलं की कुणी 'घोड्याचं वर्ष' म्हणतं. फॉर्मवर काय लिहू? बऱ्याच घरांत म्हातारं माणूस एकटंच दिसतं. त्यांचा दिवस कसा जातो, कोणत्या वेळी जाऊ?

धानबांधी: आमच्या धानाच्या बांध्या वस्तीला लागून आहेत. वस्ती १९७२ ची, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. माझं त्या घरांत लहानपणापासून येणं-जाणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वयाचं आधी. त्यांच्याकडे बारा प्राण्यांचं चक्र असतं. तिबेटहून आलेल्यांसाठी घोड्याचं वर्ष म्हणजे बहुधा १९४२ किंवा १९५४. दलाई लामा भारतात आले १९५९ च्या मार्चमध्ये, आणि त्यांच्यामागून हजारो माणसं आली. तेव्हा 'इकडे आलात तेव्हा केवढे होता?' एवढंच विचारा. आईच्या पाठीवर आले असतील तर १९५४, याक राखत होते म्हणाले तर १९४२. त्यांच्या जुन्या हिशेबात जन्मतःच एक वर्ष धरतात आणि लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, सगळ्यांचंच वय वाढतं, त्यामुळे तोंडी सांगितलेलं वय एक-दोन वर्षांनी जास्त निघेल. फॉर्मवर मात्र आरसीवरचीच तारीख घाला, नाहीतर पुढे प्रत्येक कागदावर अडतं.

आरसी म्हणजे परदेशी नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीचा दाखला. शेजारच्या मोमो-ला, म्हणजे आजी, तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छुपाच्या, म्हणजे त्यांच्या पारंपरिक झग्याच्या, छातीशी असलेल्या घडीत ठेवतात. दाखवताना दोन्ही हातांनी देतात आणि परत मिळेपर्यंत नजर हटत नाही. उभं आयुष्य या मातीत धान पिकवण्यात गेलं, तरी त्या परदेशीच. मुलगा इथे १९८७ च्या जुलैआधी जन्मला, म्हणून कायद्याने तो जन्माने भारतीय. एकाच चुलीवर जेवणाऱ्या मायलेकांमधलं हे अंतर मला फार सलतं. तुम्ही सरकारी माणूस म्हणून दारात उभ्या राहिलात की आधी त्यांचा हात त्या पिशवीकडे जाईल. म्हणून पोचल्या-पोचल्या कागद मागू नका, आधी गुडघ्यांची चौकशी करा. साष्टांग नमस्कार घालून घालून बहुतेकांचे गुडघे गेलेले असतात. विचारलं तर हसतील. हसले म्हणून दुखत नाही असं समजू नका.

पहाटे कोरा, म्हणजे प्रदक्षिणा आणि जप चालतो. त्यात अडवू नका, ऊन जरा चढलं की जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्यांचा चौथा महिना, सागा दावा, साधारण मे-जूनमध्ये येतो. त्यात बरेच जण न्युंगने नावाचं व्रत करतात. पहिल्या दिवशी दुपारच्या आत एकदाच जेवण, दुसऱ्या दिवशी अन्न-पाणी काहीच नाही आणि मौन. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात शुगर कमी करणाऱ्या गोळ्या! मौन असल्यामुळे चक्कर येतेय हेही सांगणार नाहीत. कोण व्रत धरणार ते महिनाभर आधी विचारून ठेवा आणि गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून घ्या. 'उपास करू नका' म्हणून काही उपयोग नाही, ते करणारच.

नवी_सीएचओ: न्युंगनेचं कुणीच सांगितलं नव्हतं, लगेच यादी करते. आणि एकटी राहणारी माणसं?

वस्तीतली_नात: मी त्याच वस्तीत वाढले, आता बंगळुरूला नोकरी करते. थंडीत घरातले कर्ते लोक स्वेटर विकायला शहरांत जातात, तेव्हा वस्तीत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच उरतात. माझे पोपो-ला, म्हणजे आजोबा, अमचींच्या, म्हणजे आमच्या वैद्यांच्या गोळ्याही घेतात, पण दवाखान्यात ते सांगत नाहीत, रागावतील म्हणून. तुम्ही न रागावता विचारा. आणि मिठा-लोण्याचा चहा दिवसाला किती कप होतो तेही विचारा. बंद करा म्हटलंत तर पुढच्या वेळी दार उघडतील, पण खरं सांगणार नाहीत. मीठ निम्मं करायला आमच्या पोपो-लांनी होकार दिला, त्यालाही बराच वेळ लागला.

धानबांधी: मिठाचं अगदी बरोबर. आणि पहिल्या फेरीला शाळेतलं एखादं मोठं पोर सोबत घ्या. त्यांना मराठी, हिंदी, तिबेटी तिन्ही येतात. फक्त बाईमाणसाच्या तब्येतीचं विचारायचं असेल तर मुलगीच न्या.