बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यावं का?

वाशीमकडचा भाऊ: आमचं आठ एकर कोरडवाहू वावर. बाबा गेल्यावर वारस फेरफारात आईचं, आम्हा दोघा भावांचं आणि ताईचं नाव लागलं. दोन महिन्यांत आम्ही ताईला तिचा वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र करायला रजिस्ट्रीला नेलं. तिनं काही विचारलं नाही. अंगठ्याची शाई पदराला पुसली, तेवढं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आधी महालक्ष्म्यांना चार दिवस राहायची. आता आंबील-पुरण जेवते अन् संध्याकाळच्या एसटीनं निघते. माझं मत पक्कं झालंय, भावानं हे मागूच नये.

थोरला, दारव्हा: भाऊ, हिशेब अर्धाच मांडला तुम्ही. बहिणीच्या लग्नात आमचं दोन एकर गेलं. बाबांच्या दवाखान्याचं कर्ज मी फेडतो, सोसायटीचं पीककर्जही माझ्याच डोक्यावर. उरलेल्या पाच एकरांचे तीन वाटे केले तर एका वाट्यावर बैलजोडीही पोसली जात नाही. जो वावरात राबतो त्याचं काय?

माहेरवाशीण: दादा, खर्च तुमच्या लग्नातही झालाच ना? तो कोणी तुमच्या वाट्यातून कापला? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित शेतीत मुलीला जन्मापासून मुलाएवढा हक्क दिला. बाप त्याआधी वारला असला तरी हा हक्क राहतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. मीही सही केली. वावर नको होतं म्हणून नाही, माहेर तुटेल म्हणून. एकदा नवऱ्याशी भांडून रात्री माहेरी गेले, तर वहिनीनं पाण्याचा गिलास देतानाच विचारलं, "किती दिवस?" एक एकर जरी नावावर असतं तर तिनं तसं विचारलं नसतं.

दोन मायांची लेकरं: आम्ही सावत्र-सख्खी मिळून पाच. गाव म्हणायचं, हे कोर्टात जाणार. बाबांनी जिवंतपणीच जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटणी करून घेतली, बहिणींसकट धुरे टाकून दिले. विहीर तेवढी सामाईक राहिली, अन् पाण्याच्या पाळीवरून आजही कडाक्याचं भांडण होतं. पण रात्री दोनला लाईन आली की ज्याला आधी जाग येते तो दुसऱ्याचीही मोटर चालू करून येतो.

वाशीमकडचा भाऊ: ताई, तुमचा "किती दिवस" वाचून झोप आली नाही. माझ्या वाट्यातलं एक एकर बक्षीसपत्रानं ताईच्या नावे करायचं ठरवलंय. धाकट्याला सांगितलं, तो अजून बोलला नाही. ताईला तर अजून सांगितलंच नाही.