गणपतीचा देखावा: मुंबई नौदल गोदीचं हलतं मॉडेल, दारं आणि पाणी कसं जमवायचं?

पेठेतला: शिवाजी पेठेतल्या आमच्या मंडळाचा यंदा नेव्हल डॉकयार्डचा हलता देखावा आहे. जहाज आत येणार, दारं मिटणार, पाणी उतरणार. फलकावर 'माझगाव डॉक' लिहिलं तर चालेल का? दारं कुठल्या बाजूला उघडायची? आणि पाणी उतरताना जहाज दरवेळी कलंडतंय, ते का?

जुनी_गोदी: माझगाव नको भावा, जाणकार येऊन मांडवातच वाद घालतील. माझगावला जहाजं बांधतात. नेव्हल डॉकयार्ड फोर्टात, लायन गेटच्या आत. तिथं आता मुख्य काम दुरुस्तीचं. पूर्वी मात्र तिथंच बांधायचे. १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया आले, १७५० मध्ये पहिली सुकी गोदी (जहाज आत घेऊन पाणी काढून टाकायची) झाली, १८१० मध्ये डंकन गोदीतून ७४ तोफांची युद्धनौका 'मिंडेन' पाण्यात गेली. लाकूड मलबारी साग. ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल त्यांना जपतं. इथलीच १८१७ ची 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून बघायला मिळते ती त्यामुळंच. मॉडेल हिचंच करा. तोफांचा मजला सुमारे ४६ मीटर, म्हणजे १:५० ला ९२ सेंमी.

उधाण_भांग: दोन्ही कवाडं मिटली की त्यांची चोच समुद्राकडं आली पाहिजे. मग बाहेरचं पाणीच ती दाबून धरतं. उलटी बसवलीत तर आतलं पाणी उतरायला लागलं की उघडणार. फटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावा.

मुंबईत उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) भरती-ओहोटीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, तुमच्याकडं तो ९ सेंमी. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, कवाडं मिटायची, ओहोटीला तळची झडप उघडली की बरंच पाणी आपोआप जातं, उरलेलं उपसायचं. भांगाला (अष्टमीच्या सुमाराला) पाणी कमी चढतं, जड जहाज उंबऱ्यालाच अडतं. १२० × ४० × २० सेंमीच्या हौदात ९६ लिटर मावतं. कूलरचा पंप पुरे.

कील_ब्लॉक: कलंडतंय म्हणजे बहुतेक शेपूट जड आहे. तळाच्या ठोकळ्यांवर आधी शेपूट टेकतं, ठोकळा खालून रेटतो, तेवढा पाण्याचा आधार कमी होतो आणि जहाजाचा तोल हलका पडतो. तेव्हा जरासा कल असला तरी आडवं.

नाळेकडं (पुढच्या टोकाकडं) तळाशी शिशाचे छर्रे टाका, दोन्ही टोकं सारखी बुडेपर्यंत. जहाज टेकलं की पंप थांबवा, बाजूचे टेकू लावा, मगच उरलेलं पाणी काढा. पाणी भरतानाही हाच धोका: दुरुस्तीत टाक्या रिकाम्या झाल्या, यंत्रं काढली, तर वजनाचा हिशोब नव्यानं करावा लागतो. ५ डिसेंबर २०१६ ला याच डॉकयार्डात युद्धनौका 'बेटवा' गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली, दोन नौसैनिक गेले.

आणि मागच्या पडद्यावर २०१९ ची, विमानवाहू जहाजांसाठीची गोदी रंगवणार असाल (२८१ मीटर लांब, ४५ रुंद), तर तिला कवाडं काढू नका. तिथं तरंगती पेटी ओढत आणून, आत पाणी भरून, जागेवर बुडवतात.