मदत हवी आहे: रात्री बॅकअपच्या वेळी प्रॉक्समॉक्स होस्टवरचं व्हीएम अचानक बंद पडतं

नमस्कार मंडळी,

डिचोलीतल्या एका सहकारी पतसंस्थेचं सर्व्हरचं काम मी बघतो. होस्ट, म्हणजे बाकीची सगळी मशीन ज्यावर चालतात तो खरा सर्व्हर, एकच. 32 जीबी रॅम, 2 टीबीच्या दोन डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टमच्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा. व्हीएम चालवणारी प्रणाली प्रॉक्समॉक्स, आधी तिची आवृत्ती 7 होती, त्यावरच 8 अपग्रेड केलंय. वर तीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आहेत: अकाउंटिंगचं विंडोज सर्व्हर, आत एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, त्याला 16 जीबी; फाइल सर्व्हरला 6; चाचणीच्या व्हीएमला 4. बेरीज 26, म्हणजे होस्टसाठी 6 जीबी उरतात असा माझा हिशेब.

दिवसभर काही तक्रार नाही. रात्री बॅकअप चालू झाला की कधीकधी अकाउंटिंगचं व्हीएम फटकन बंद. रीतसर शटडाउन नाही, वीज गेल्यासारखं. होस्टच्या जर्नलमध्ये (नोंदवहीत) ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे केव्हीएम, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोसेसचं नाव, एवढंच दिसतं. सकाळी काउंटरपुढे लोक पासबुकं घेऊन उभे, आणि आत डेटाबेसची रिकव्हरी चालू. चतुर्थी तोंडावर आलीय, पैसे काढायला रांग लागते. वयस्कर माणसं पेडण्या-साखळीकडून बस बदलून येतात, त्यांना ‘सिस्टम बंद आहे’ म्हणून परत पाठवायचं जिवावर येतं.

मला कळत नाही ते असं: व्हीएमला 16 जीबी दिली, तर ती त्याच्यासाठी राखून ठेवलेली नसते का? मग मध्येच संपते कशी? विक्रेता म्हणतो, आणखी 32 जीबी टाका. संचालक मंडळापुढे खर्च मांडण्याआधी खरं कारण समजून घ्यायचंय.

उत्तर, फोंड्याहून

रॅम घ्यायची घाई करू नका. केव्हीएममध्ये तुम्ही भरलेला 16 चा आकडा ही फक्त वरची मर्यादा. होस्ट ती मेमरी आधी बाजूला काढत नाही. व्हीएम जसजशी मेमरी वापरतं तसतशी देत जातो. अशाच दुसऱ्या प्रणालींत, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये रिझर्व्हेशनचा (राखीव मेमरीचा) वेगळा आकडा टाकता येतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये सुरुवातीची रॅम उपलब्ध नसेल तर व्हीएम सहसा सुरूच होत नाही. इथे मात्र सुरू होतं आणि टंचाई नंतर रात्री उघडी पडते.

आता खरा वाटेकरी बघा. झेडएफएस वाचलेला डेटा एआरसी नावाच्या कॅशमध्ये ठेवतं आणि तुमच्या आवृत्तीत त्याची डीफॉल्ट मर्यादा होस्टच्या रॅमची निम्मी, म्हणजे 16 जीबी. 26 आणि 16 मिळून 42, होस्टकडे मात्र 32च. बॅकअप डिस्क वाचत सुटतो, एआरसी फुगतं. मेमरीची ओढ लागली की ते आक्रसतं खरं, पण दर वेळी पुरेशा वेगाने नाही. झेडएफएसवर इन्स्टॉल केलं तर इन्स्टॉलर स्वॅप, म्हणजे रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, बनवत नाही, त्यामुळे मधली उशीही नाही. मग कर्नल बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो, आणि ती तुमचं अकाउंटिंग. एसक्यूएल सर्व्हर डीफॉल्टने मिळेल तितकी मेमरी धरून बसतो, म्हणून ते व्हीएम कायम भरलेलंच असतं.

प्रॉक्समॉक्स 8.1 पासूनचा इन्स्टॉलर एआरसीला रॅमच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 16 जीबी, अशी मर्यादा घालतो. पण ती नव्या इन्स्टॉलेशनला. अपग्रेड केलेल्या होस्टवर जुनीच राहते. ‘आर्क समरी’ची कमांड चालवून एआरसीचा आत्ताचा आणि कमाल आकार आधी बघा. मेमरीचा वापर दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडच्या आउटपुटमध्ये एआरसी कॅशखाली नाही, वापरलेल्या मेमरीत मोजलं जातं, तिथे फसायला होतं.

एआरसीसाठी प्रॉक्समॉक्सच्या कागदपत्रांतला अंदाज आहे 2 जीबी आणि वर डिस्कच्या दर टीबीला 1. तुम्हाला 4 जीबी पुरेत. ‘झेडएफएस आर्क मॅक्स’ला 4294967296 हा बाइट्समधला आकडा मॉडप्रोबच्या (कर्नल मॉड्यूलच्या सेटिंग्जच्या) झेडएफएस फाइलमध्ये लिहा. रूट डिस्कही झेडएफएसवर असल्याने इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना आधी लोड होणारी फाइल, अपडेट करून रीबूट करायला विसरू नका, नाहीतर बदल लागू होणार नाही. होस्टला स्वतःसाठी 3 जीबी सोडा. उरले 25, आणि व्हीएमना दिलेत 26, तेव्हा चाचणीचं व्हीएम 2 वर आणा.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. एआरसी खरंच 15 च्या पुढे होतं. मर्यादा घातली, रीबूटनंतर 4 दाखवतंय, रात्रीचा बॅकअपही सुरळीत झाला. एकच विचारायचं राहिलं, अकाउंटिंगच्या व्हीएमला बलूनिंग, म्हणजे चालू व्हीएमकडून मेमरी परत घ्यायची सोय, ठेवू का?

उत्तर, फोंड्याहून

त्याला नको. होस्टचा वापर 80 टक्क्यांवर गेला की बलूनिंग व्हीएमकडून मेमरी मागायला लागतं, आणि डेटाबेसच्या तोंडचा घास काढण्यात अर्थ नाही. फाइल सर्व्हरला किमान 3, कमाल 6 ठेवा. त्याच्या आत व्हर्टआयओ या ड्रायव्हरसंचातला बलून ड्रायव्हर चालू हवा. एसक्यूएलमध्ये ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ 12 जीबीवर बांधा, म्हणजे विंडोजलाही श्वास घ्यायला जागा राहील. हे काउंटर बंद झाल्यावर करा.