चंपाषष्ठीची तळी : घरात पुरुष एकच, पाच जण कोठून आणावेत?

प्रश्न (ऐरोली) : आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. सासूबाईंना आता झेपत नसल्यामुळे गावच्या देव्हाऱ्यातील टाक, म्हणजे देवांच्या धातूच्या प्रतिमा, यंदा आमच्याकडे आले असून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट प्रथमच येथे बसतील. आम्ही दोघेही दिवसभर कामावर असतो. मग अखंड तेवणाऱ्या नंदादीपाचे काय करावे आणि चंपाषष्ठीला तळी, म्हणजे पूजेचे ताम्हन, उचलायला पाच जण कोठून आणावेत? शिवाय, ज्या मणी दैत्याला देवाने मारले त्याला देवळात जागा कशी, असे लेक विचारते. तिला काय सांगावे?

उत्तर (नौपाडा, ठाणे) : मुलीला संपूर्ण कथा सांगा, कारण उत्तर कथेतच आहे. ब्रह्मदेवाच्या वराने मातलेल्या मणी आणि मल्ल या भावांनी मणिचूल पर्वतावरील ऋषींचा छळ मांडला, इंद्र आणि विष्णू यांच्याकडूनही निवारण होईना, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचे, म्हणजेच खंडोबाचे, रूप घेतले. युद्धात पडलेल्या मणीला पश्चात्ताप झाला. त्याने आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला आणि लोकांचे भले व्हावे व प्रत्येक देवळात आपल्याला देवाजवळ स्थान मिळावे, असा वर मागितला. मल्लाने मात्र अखेरपर्यंत माणसांचा नाशच मागितला, म्हणून त्याचे मस्तक पायरीशी पडले. शत्रूच्याही पश्चात्तापाचा मान राखणारा हा देव आहे, आणि मला तो त्याचसाठी जवळचा वाटतो.

उत्तर (कोपरखैरणे) : ताई, बंद घरात दिवा तेवत ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ घरात असाल तेव्हा लावा आणि घटाची रोजची माळ चुकवू नका. तळीसाठी शेजाऱ्यांना निःसंकोच बोलवा, भाऊबंदच हवेत असे नाही. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, नाणे, खोबरे आणि भंडारा (हळद) ठेवून पाच जणांनी कडेला हात लावावा आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ही तळी तीनदा उचलावी; नंतर सर्वांच्या कपाळी भंडारा लावून खोबरे वाटावे. तपशील घराण्यागणिक बदलतात, तेव्हा सासूबाईंना फोनवर विचारून त्यांचाच शब्द प्रमाण माना.

उत्तर (कळवा) : षष्ठीच्या नैवेद्याला बाजरीचे रोडगे, वांग्याचे भरीत आणि पातीचा कांदा करावा. चातुर्मासात सोडलेले कांदा-वांगे अनेक घरांत या नैवेद्यानंतरच पुन्हा खाल्ले जातात. कुत्रा हा खंडोबाचा सोबती असल्यामुळे त्याचा घास आधी काढून ठेवावा. सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्याला तो लेकीच्या हातून द्या.