हात चांगला की हत्यार: अर्धं-अर्धं खरं आहे

भाऊ, कोणी म्हणते की हात बसलेला असला की भंगारातल्या हत्यारानंही काम होते. पूर्ण पटलं नाही. सागाच्या चौकटीत बिजागरीचा ८ नंबरचा स्क्रू (जाडी साधारण ४ मिमी) थेट पिळला तर लाकूड तडकते, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटते. आधी ३ मिमीचं भोक पाडा, आट्यांना साबण लावा. यात पैसा लागत नाही. पण पेचकसाचं टोक कच्च्या लोखंडाचं असलं की स्क्रूची फुली गोल होते; मग हात कितीही बसलेला असो, स्क्रू निघत नाही.

भिंतीचं उलटं. कच्च्या विटेत भारी ड्रिल मशीनही हॅमरवर (फिरता फिरता ठोके मारायची सोय) चालवली की ८ मिमीचं भोक मोठं होते अन् प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरून ठेवायला भोकात बसवतात ती) नुसती फिरते. हॅमर बंद ठेवा, ६ मिमीनं सुरू करा. मातीच्या भिंतीत गिट्टी विसराच, लाकडी खुंटी ठोका. स्लॅबमध्ये मात्र हॅमरशिवाय बिट (ड्रिलचं भोक पाडणारं टोक) जळते. अन् संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मशीन दाबू नका राजेहो, मोटर तापते.

पैसे घालायचेच तर बिट, पाने अन् पेचकसावर घाला. हातोडी कोणतीही चालते, दांडा सैल नसला म्हणजे झालं.