ओसेल्टामिविर घातलं की एच३एन२चा टायटर कोसळतो, मदत हवी आहे

फ्लूची लस घेण्याआधीच्या आणि नंतरच्या सीरमवर एचआय टेस्ट (हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन: विषाणू तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतो, ते सीरममधली अँटिबॉडी किती रोखते हे पाहायचं) लावतेय. फ्लूचे एच१एन१ आणि बी हे प्रकार नीट चालतात, अडलंय फक्त एच३एन२पाशी. टर्कीच्या तांबड्या पेशींना हा विषाणू जवळजवळ धरतच नाही, म्हणून गिनीपिगच्या ताज्या पेशी घेते: ०.७५ टक्के, यू तळाची प्लेट, तासाभराने वाचन. विषाणूच्या न्यूरामिनिडेज या प्रथिनाने पेशी चिकटू नयेत म्हणून २० नॅनोमोलर ओसेल्टामिविर कार्बोक्झिलेट (ते प्रथिन रोखणारं फ्लूचं औषध). ते घातलं की विषाणूचा टायटर (किती पट पातळ केला तरी तो पेशी चिकटवतो, तो आकडा) ३२ वरून थेट ४. मग टेस्टला लागणारी, २५ मायक्रोलिटरमध्ये पेशी चिकटवण्याची ४ युनिट आणायची कुठून? औषधाशिवाय लावली तर चांगल्या सीरमचेही आकडे पडतात, ते मला पटत नाहीत.

सीरमला आरडीई (अँटिबॉडी नसलेले अडथळे काढणारं एन्झाइम) रात्रभर ३७ अंशांवर, मग ५६ अंशांवर अर्धा तास, हे होतंच. सीरम कंट्रोलच्या वेलमध्ये तळाशी लाल कडी स्वच्छ बसते, म्हणजे दोष सीरमचा नाही. एमडीसीके-सिॲट१ पेशींवर (विषाणू वाढवण्याच्या प्रयोगशाळेतल्या पेशी) आणखी दोन पॅसेज दिले, म्हणजे दोनदा पुन्हा वाढवला, फरक नाही. अंड्यात वाढवायचा नाही, त्यात हिमॅग्लुटिनिन (पेशींना धरणारं विषाणूचं प्रथिन) बदलण्याची भीती. सीरम माणशी जेमतेम १५० मायक्रोलिटर उरलंय.

असा विषाणू अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये घट्ट करून कोणी एचआय केलंय का, आणि आकडे भरवशाचे आले का? की उरलेलं सीरम सरळ मायक्रोन्यूट्रलायझेशनला (सीरम विषाणूला पेशींत शिरण्यापासून रोखतं का, ते पाहणारी चाचणी) वापरू?